मोठ्या आतड्यावरचा खटला : मेचनिकॉफ यांचे पुस्तक पुन्हा वाचताना

दहावीच्या ‘सूक्ष्मजीवशास्त्राची ओळख’ या पाठात दही, योगर्ट आणि प्रोबायोटिक्स पाठोपाठ येतात. हा भाग शिकवताना वर्गातून एक प्रश्न हमखास येतो : “दही खाल्लं की पोटात चांगले जीवाणू जातात आणि ते वाईट जीवाणूंना मारतात, हे खरं ना?” हे वाक्य जाहिरातींनी मुलांच्या तोंडी बसवले आहे. आपण मान डोलावतो आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतो, कारण पाठ संपवायचा असतो.

या वाक्याचा माग काढत मागे गेलो, तर आपण एका जुन्या पुस्तकापाशी येऊन पोचतो. एली मेचनिकॉफ यांचे ‘एसे ऑप्टिमिस्त’ हे पुस्तक १९०७ साली पॅरिसला प्रसिद्ध झाले. त्याचे इंग्रजी भाषांतर ‘द प्रोलाँगेशन ऑफ लाइफ’, म्हणजे ‘आयुष्य लांबवणे’, या नावाने लगेचच निघाले. ते आम्ही नुकतेच पुन्हा वाचले. लेखक काही ऐरागैरा नव्हे. १८८२ साली इटलीतल्या मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचून, त्याभोवती गोळा होणाऱ्या भक्षक पेशी पाहणारे हेच ते मेचनिकॉफ. त्या कामाबद्दल त्यांना १९०८ चे नोबेल पारितोषिक पाउल अर्लिश यांच्याबरोबर मिळाले. पुस्तकात म्हातारपण आहे, प्राण्यांची आयुर्मर्यादा आहे, चक्क गटेचा ‘फाउस्ट’सुद्धा आहे. ते सगळे बाजूला ठेवून आम्ही फक्त मोठ्या आतड्याविषयीच्या भागाबद्दल लिहिणार आहोत, कारण लोकांच्या मनात उरला आहे तो तेवढाच.

मेचनिकॉफ यांचा युक्तिवाद थोडक्यात असा. मोठे आतडे ही सस्तन प्राण्यांची एक जुनी गरज होती. शिकारीमागे किंवा जिवाच्या भीतीने धावणाऱ्या प्राण्याला मलविसर्जनासाठी वारंवार थांबणे परवडत नाही, म्हणून मळ साठवायला ही कोठी तयार झाली. माणसाला आता तिची गरज नाही. उलट त्या कोठीत असंख्य जीवाणू वाढतात, प्रथिने सडवतात, आणि त्यातून निर्माण होणारी फिनॉल, इंडोल यांसारखी द्रव्ये रक्तात शोषली जाऊन शरीराला हळूहळू विषबाधा करतात. वार्धक्य लवकर येते ते यामुळे. दूध नासण्याऐवजी विरजते ते लॅक्टिक आम्लामुळे. मग हेच आम्ल तयार करणारे जीवाणू आतड्यात पोचवले तर तिथले सडणेही थांबेल. पुराव्यादाखल बाल्कन प्रदेशात आंबवलेले दूध पिऊन शंभरी ओलांडणाऱ्यांचे दाखले आहेत, आणि पक्ष्यांचेही : उडणाऱ्या पक्ष्यांचे मोठे आतडे नाममात्र असते आणि ते आपल्या आकाराच्या मानाने खूप जगतात.

पुस्तकाचा एक गुण आधीच सांगितला पाहिजे. लेखक आपल्या पायऱ्या लपवत नाही. प्रत्येक पायरी उघड्यावर असल्यामुळे वाचकाला तिथे पाय देऊन ती डळमळते का हे पाहता येते. आजच्या पुष्कळशा आरोग्यविषयक लेखनाबद्दल असे म्हणता येत नाही.

आता पायऱ्या तपासू. पक्ष्यांचा दाखला घ्या. उडणारे पक्षी दीर्घायुषी असतात हे खरे, आणि त्यांचे मोठे आतडे तोकडे असते हेही खरे. पण या दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असे होत नाही. मेचनिकॉफ वटवाघळाचाही दाखला देतात : सस्तन प्राणी, पण आतडे आखूड आणि आयुष्य मोठे. वर्गात इथे थांबून मुलांना विचारावे, की वटवाघूळ आणि पोपट यांच्यात आखूड आतड्याखेरीज दुसरे काय समान आहे? दोघेही उडतात. उडणारा प्राणी भक्षकाच्या तावडीतून सुटतो, आणि ज्या जातीत अपघाती मरण कमी तिथे सावकाश म्हातारे होणे उत्क्रांतीत टिकून राहू शकते, असे आजचे जीवशास्त्रज्ञ म्हणतात. शिवाय उलटे दाखलेही आहेत. हत्तीच्या मागच्या आतड्यात चाऱ्याचे किण्वन अखंड चालू असते, तरी तो साठ-सत्तर वर्षे जगतो. महाकाय कासवेही मागच्या आतड्यातच पाला आंबवतात, आणि शंभरी पार करतात.

पण आमच्या मते पुस्तकाची मुख्य अडचण दाखल्यांच्या निवडीत नाही. ज्या जीवाणूंवर हा खटला भरला आहे, ते आरोपी न्यायालयात पुरते हजरच नव्हते.

ऑक्सिजनशिवाय जगणारे जीव असतात हे लुई पाश्चर यांनी १८६१ साली दाखवले होते. त्यांना ते सापडले ब्यूटिरिक किण्वनाचा अभ्यास करताना. खवट लोण्याचा वास ज्या आम्लामुळे येतो, ते ब्यूटिरिक आम्ल. (हा शब्द लक्षात ठेवावा, तो पुढे परत येणार आहे.) अशा जीवाणूंना आपण विनॉक्सी म्हणू. त्यांतले काही हवेत नुसते वाढत नाहीत एवढेच नव्हे, तर ऑक्सिजन लागताच मरतात. आपल्या मोठ्या आतड्यात ऑक्सिजन जवळजवळ नसतोच, तेव्हा तिथले बहुसंख्य रहिवासी असेच असणार. परंतु ते पाहायचे कसे? १८८५ साली थिओडोर एशरिश यांनी तान्ह्या मुलांच्या विष्ठेतून एक जीवाणू वाढवला. तो आज त्यांच्या नावाने, ई. कोलाय म्हणून, ओळखला जातो. हा हवेतही वाढतो आणि हवेवाचूनही, त्यामुळे प्रयोगशाळेत सहज हाती लागला आणि आतड्याचा प्रतिनिधी बनून बसला. वस्तुतः निरोगी प्रौढ माणसाच्या मोठ्या आतड्यात तो शंभरात एकही भरत नाही.

मेचनिकॉफ यांच्या आसपासच, पॅरिसमध्ये, विनॉक्सी जीवाणूंवर चांगले काम चालू होते. व्हेयाँ आणि झ्यूबे यांनी १८९८ साली अपेंडिक्सच्या पुवातून ते वेगळे केले. आँरी तिसिए यांनी अंगावर पिणाऱ्या बाळांच्या विष्ठेत बिफिडोबॅक्टेरियम शोधला, तोही विनॉक्सीच. पण मोठ्या आतड्याची खरी शिरगणती करायची, तर माध्यम बनवण्यापासून वसाहती मोजण्यापर्यंत हवा कुठेच लागता कामा नये. ही युक्ती अमेरिकेतल्या रॉबर्ट हंगेट यांनी गाईगुरांच्या पोटातल्या जीवाणूंसाठी बसवली, १९४० च्या दशकापासून पुढे. परीक्षानळीत ऑक्सिजनविरहित वायू सोडायचा आणि वितळलेले अगार तिच्या आतल्या भिंतीवर फिरवून थिजवायचे. त्याच वाटेने जाऊन व्हर्जिनियातल्या मूर आणि होल्डमन यांनी १९७४ साली वीस निरोगी माणसांच्या विष्ठेतल्या जीवाणूंची तपशीलवार नोंद प्रसिद्ध केली, आणि शंभराहून अधिक प्रकारचे जीवाणू समोर आले. त्यांत बहुतेक सगळे विनॉक्सी. १९०७ सालच्या पुस्तकात ही माणसांची यादी नाही यात लेखकाचा दोष नाही. दोष आहे तो यादी नसताना निकाल देण्यात.

मोजणीचा विषय निघालाच आहे, तर आपल्या वर्गातली एक चूकही दुरुस्त करून टाकू. शरीरात आपल्या पेशींच्या दसपट जीवाणू असतात, असे आपण सर्रास सांगतो. हा आकडा १९७० च्या दशकातल्या एका ढोबळ अंदाजावरून आला. २०१६ साली सेंडर, फुक्स आणि मिलो यांनी हिशेब नव्याने मांडला : जीवाणू सुमारे ३८ लाख कोटी, मानवी पेशी सुमारे ३० लाख कोटी. म्हणजे जवळजवळ बरोबरी. सगळ्या जीवाणूंचे वजन मिळून सुमारे दोनशे ग्रॅम.

हे दोनशे ग्रॅम तिथे करतात काय? आपण भाकरीतला कोंडा, डाळीचे साल, भाजीतले तंतू खातो. ते पचवणारी विकरे आपल्याकडे नाहीत, त्यामुळे ते जसेच्या तसे मोठ्या आतड्यात उतरतात. तिथले विनॉक्सी जीवाणू त्यांचे किण्वन करतात आणि ॲसिटिक, प्रोपिऑनिक व ब्यूटिरिक ही आम्ले बाहेर टाकतात. मेचनिकॉफ यांच्या काळी ब्यूटिरिक किण्वन म्हटले की नाक मुरडले जाई, कारण वासावरून ते सडण्याच्याच घराण्यातले वाटे. पण मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी आपली बरीचशी ऊर्जा याच आम्लापासून मिळवतात. विल्यम रोडिगर यांनी १९८० साली माणसाच्या पेशींवर हे मोजले, आणि हे प्रमाण सुमारे सत्तर टक्के भरले. शरीरातल्या इतर पेशी रक्तातून आलेल्या अन्नावर जगतात. या पेशींचे जेवण मात्र पलीकडच्या बाजूने, जीवाणूंच्या पंगतीतून येते.

यापुढची गोष्ट आम्हांला सगळ्यांत सुंदर वाटते. ब्यूटिरिक आम्ल जाळायला पेशीला ऑक्सिजन लागतो. तो ती रक्तातून घेते आणि तिथल्या तिथे संपवते, त्यामुळे आतड्याच्या पोकळीत तो झिरपतच नाही. म्हणजे जीवाणू पेशीला इंधन देतात, पेशी ते जाळताना ऑक्सिजन खाऊन टाकते, आणि त्यामुळे जीवाणूंची खोली हवाबंद राहते. घर बंद ठेवायचे काम भाडेकरू आणि घरमालक मिळून करतात. ही साखळी तुटली तर काय होते, हे कॅलिफोर्नियातल्या आंद्रेआस बॉयम्लर यांच्या गटाने उंदरांवर दाखवले (२०१६). स्ट्रेप्टोमायसिन दिल्यावर ब्यूटिरेट बनवणारे विनॉक्सी जीवाणू घटले, पेशींचा ऑक्सिजनचा खप उतरला, उरलेला ऑक्सिजन पोकळीत गळू लागला, आणि त्यावर साल्मोनेला फोफावला. साल्मोनेला बाहेरून आला हे खरे, पण त्याला दार उघडून मिळाले.

मेचनिकॉफ मोठ्या आतड्याला निरुपयोगी म्हणतात. ते निकामी झालेले रोगी वर्षानुवर्षे जगले, हा त्यांचा आधार. पण एखाद्या अवयवावाचून जगता येते, यावरून तो अवयव असताना काहीच करत नाही असे ठरत नाही. एका डोळ्यानेही माणूस जगतो.

अशा तर्काची किंमत कोणीतरी मोजते. आतड्यातल्या विषाने सारे शरीर पोखरते ही कल्पना एकट्या मेचनिकॉफ यांची नव्हती, पण त्यांच्या नावाचे वजन तिच्यामागे उभे राहिले. लंडनमध्ये सर विल्यम आर्बथनॉट लेन या नामांकित शल्यविशारदांनी बद्धकोष्ठ असलेल्या रोग्यांची मोठी आतडी कापून काढायला सुरुवात केली. काही रोगी शस्त्रक्रियेनंतर दगावले. स्वतः मेचनिकॉफ यांनी सुरीपेक्षा आंबट दूध पसंत केले, हे त्यांच्या बाजूने नोंदवलेच पाहिजे.

विषाची कल्पना मोडली ती अगदी साध्या विचाराने. १९१९ साली वॉल्टर अल्वारेझ या अमेरिकन डॉक्टरांनी विचारले : बद्धकोष्ठाने डोके जड होते, सुस्ती येते, आणि शौचाला झाले की थोड्याच वेळात बरे वाटते. रक्तात विष भिनले असेल, तर ते इतक्या लवकर उतरेल कसे? १९२२ साली डोनाल्डसन यांनी पुढचे पाऊल टाकले. काही जणांच्या गुदाशयात कापसाचे बोळे भरून ठेवले, तर तीच लक्षणे दिसू लागली. कापूस काही सडत नाही! ताण पडला म्हणून मज्जातंतूंनी तक्रार केली, एवढाच त्याचा अर्थ. वैज्ञानिक पद्धत म्हणजे काय, हे शिकवायला याहून चांगले उदाहरण आमच्या पाहण्यात नाही. अर्थात गुदाशय आणि कापूस हे शब्द वर्गात उच्चारल्यावर पाच मिनिटे हसण्यात जातील, ती धरून चालावे.

तर मग विनॉक्सी जीवाणू ‘चांगले’ ठरले का? हे म्हणणे म्हणजे त्याच चुकीचा दुसरा पाय. बॅक्टेरॉइड्स फ्रॅजिलिस हा निरोगी माणसाच्या मोठ्या आतड्यात शांतपणे राहतो. अपेंडिक्स फुटून तो पोटाच्या पोकळीत उतरला, की तिथे गळू करणाऱ्या जीवाणूंत त्याचेच नाव पुढे असते, आणि मेट्रोनिडाझोलसारखे औषध द्यावे लागते. जीवाणू तोच, जागा बदलली. किंवा क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसाइल घ्या. हॉल आणि ओटूल यांनी १९३५ साली तो शोधला, तोही निरोगी नवजात बाळांच्या विष्ठेत. वाढवायला अवघड म्हणून नाव ‘डिफिसाइल’. प्रतिजैविके घेतल्यानंतर होणारा आतड्याचा जीवघेणा दाह याच्यामुळे होतो, हे १९७८ साली उघड झाले. बाळांना तो बहुधा त्रास देत नाही. प्रौढ माणसातही इतर विनॉक्सी जीवाणू पुरेसे असतील, तर ते पित्तातल्या आम्लांचे असे रूपांतर करतात की याला वाढता येत नाही. प्रतिजैविकांनी हे शेजारी मारले, की याचे राज्य सुरू होते. धनुर्वाताचा जीवाणू आणि ब्यूटिरेट बनवणारे कित्येक उपयोगी जीवाणू एकाच मोठ्या कुळातले आहेत, हेही जाता जाता सांगण्यासारखे आहे.

या रोगावरचा एक उपाय ऐकून मेचनिकॉफ नक्की चमकले असते. नेदरलँड्समध्ये झालेल्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हा रोग वारंवार उलटणाऱ्या १६ जणांच्या आतड्यात निरोगी दात्यांच्या विष्ठेचे पातळ द्रावण नळीने सोडले. पहिल्याच खेपेला १३ जण बरे झाले. नुसते व्हॅनकोमायसिन दिलेल्या १३ पैकी ४ जण बरे झाले. ज्याला ते विषाचा साठा म्हणत, तेच औषध ठरले. पण इथेही हुरळून जायला नको. २०१९ साली अमेरिकेत अशा उपचारातून प्रतिजैविकांना न जुमानणारा ई. कोलाय एका रोग्याच्या शरीरात गेला आणि तो दगावला. दात्याची तपासणी त्यानंतर अधिक कडक झाली.

एका बाबतीत मात्र मेचनिकॉफ यांची उपेक्षा झाली असे आम्हांला वाटते. जीवाणूंनी प्रथिनांपासून बनवलेली द्रव्ये रक्तात जातात, हे त्यांचे म्हणणे बरोबर होते. निरोगी माणसात यकृत त्यांवर प्रक्रिया करते आणि मूत्रपिंडे ती बाहेर टाकतात. मूत्रपिंडे निकामी झाली, की इंडोल आणि क्रेसॉल यांची सल्फेटे रक्तात साठतात आणि अपाय करतात. डायलिसिसनेही ती नीट निघत नाहीत. उलट आतड्याच्या अस्तराच्या बाबतीत इंडोल उपयोगी पडते असेही प्रयोग आहेत. म्हणजे इंडोल विष की औषध, हे किती, कुठे आणि कोणाच्या शरीरात यावर अवलंबून. पुस्तकाला ही गुंतागुंत पेलली नाही.

आजच्या लेखनाला तरी कुठे पेलते? २००६ साली जेफ्री गॉर्डन यांच्या गटाने लठ्ठ उंदरांतील जीवाणूंचा गाजलेला अभ्यास प्रसिद्ध केला आणि जीवाणूंच्या दोन मोठ्या गटांच्या गुणोत्तराचा लठ्ठपणाशी संबंध जोडला गेला. तो आकडा लगेच मासिकांत, आहारतज्ज्ञांच्या भाषणांत आणि तपासणीच्या जाहिरातींत शिरला. दहा वर्षांनी स्झे आणि श्लॉस यांनी माणसांवरचे दहा अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा तो संबंध अगदी क्षीण निघाला. आपल्याकडचे उदाहरणही आहे. भोपाळ आणि केरळ इथल्या ११० निरोगी माणसांच्या २०१९ च्या अभ्यासात भोपाळच्या मुख्यतः शाकाहारी मंडळींत प्रिव्होटेला हा विनॉक्सी जीवाणू वरचढ होता, केरळच्या मिश्राहारी मंडळींत दुसरेच. दोन्हीकडची माणसे निरोगी. मग यांतला ‘चांगला’ संच कोणता?

आणि दही? मेचनिकॉफ यांचा भरवसा ज्या बल्गेरियन जीवाणूवर होता, तो माणसाच्या आतड्यात वस्तीच करत नाही, असे येल विद्यापीठातल्या लिओ रेटगर यांनी १९२० च्या सुमारास दाखवले. इस्राएलमधल्या २०१८ च्या एका छोट्या अभ्यासात तर प्रतिजैविकांनंतर प्रोबायोटिक गोळ्या घेणाऱ्यांचे स्वतःचे जीवाणू परतायला अधिक वेळ लागला. अभ्यास लहान आहे, त्यावरून सगळ्या गोळ्या निकालात काढणे हीसुद्धा घाईच होईल.

मेचनिकॉफ रोज आंबट दूध पीत आणि १९१६ साली ७१ व्या वर्षी हृदयविकाराने वारले. ‘बघा, त्यांचा सिद्धान्त त्यांनाच वाचवू शकला नाही,’ असे पुष्कळांनी म्हटले आहे. आम्ही तसे म्हणणार नाही. एक माणूस ७१ वर्षे जगला, यावरून सिद्धान्त खोटा ठरत नाही, जसा एक बल्गेरियन शेतकरी शंभर वर्षे जगल्याने तो खरा ठरला नव्हता.

वर्गातल्या त्या प्रश्नाला आम्ही सध्या असे उत्तर देतो : दही खा. त्यातले जीवाणू दुधातली बरीच साखर आधीच संपवतात आणि उरलेली पचवायला मदत करतात, म्हणून दूध न सोसणाऱ्यालाही ते बहुधा सोसते. ते पोटातून जाणारे पाहुणे आहेत. घरचे जे आहेत, त्यांना दह्याबरोबरची भाकरी आणि उसळ लागते. मग एखादी मुलगी विचारते, “सर, पण तिथे हवा नसते हे कळलं कसं?” त्या दिवशी तास हंगेट यांच्या परीक्षानळीवर जातो, आणि पाठ मागे राहतो.